पाच-पाचपर्यंत

३ एप्रिल

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. न वाचता फाडू नकोस, एवढंच मागणं आहे. फोन करता आला असता, पण तुझा नंबर मी गेल्या मंगळवारी ब्लॉक केला आणि तो उघडायची माझी तयारी नाही. तू नुसतं "काय गं शहाणे" म्हणालीस की माझा निम्मा राग तिथंच उतरतो, हे तुला पक्कं ठाऊक आहे. कागदावर तरी तुझा आवाज येत नाही.

मंगळवारी मला गटिंगवाले काका भेटले. इथल्या स्पर्धेतही रॅकेटच्या तारा ओढायचं काम त्यांच्याकडेच आहे. माझी रॅकेट मशीनवर चढवता चढवता म्हणाले, "तुझी बहीण फार मायाळू हो. फेब्रुवारीत त्या उंच मुलीचं मनगट दुखावलं, तर तिची बॅग हिनंच उचलून गाडीपर्यंत नेली."

मी म्हटलं, "हो काका, ताई आहेच तशी." मग उगाच, मनात काही नसताना विचारलं, "दुपारी ना?"

"छे गं! सकाळी. नऊ वाजलेसुद्धा नव्हते. चार रॅकेटा टाकल्या होत्या तिनं गटिंगला, तशाच परत घेतल्या. म्हणाली, आता नको काका, मी खेळत नाही. हाताला ही एवढी पट्टी. तुझी बहीण शेजारीच उभी. म्हणाली, इतक्यात कुणाला बोलू नका हं. मी कशाला बोलतोय? मला काय पडलंय!"

रॅकेट तिथंच सोडून मी बाहेर आले. पार्किंगमध्ये एका गाडीला टेकून किती वेळ उभी होते कोण जाणे. गाडीचा मालक आला आणि म्हणाला, "मॅडम, जरा सरकता का?"

सकाळचे नऊ, ताई. आपली मॅच साडेबाराला होती. उंचाडीनं माघार घेतल्याचं रेफरीबाईंच्या फळ्यावर लागलं ते दुपारी तीन वाजता. मधल्या वेळात तू माझ्याबरोबर वॉर्मअप केलास, माझ्या बाटलीत पाणी भरून दिलंस, माझा हात पोचत नाही म्हणून माझ्या मानेला मागून सनस्क्रीन लावलंस. आणि साडेबाराला कोर्टवर उतरून माझ्याकडून ७-५, ६-४ अशी हरलीस.

त्याआधी स्पर्धांमध्ये आपण दहा वेळा समोरासमोर आलो होतो. दहाही वेळा तू मला पाणी पाजलंस आणि दहाही वेळा मी घरी येऊन सगळ्यांसमोर हसले. अकराव्या वेळी मी जिंकले. क्वालिफाइंगची शेवटची फेरी, जिंकणारी थेट मेन ड्रॉमध्ये, आणि समोर तू! फेब्रुवारीनंतर मी टेनिस सोडणार होते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या एका मॅचच्या जोरावर सोडलं नाही. गेले दोन महिने रोज सकाळी साडेपाचला उठतेय ती त्या मॅचच्या जोरावर उठतेय.

आणि तीन वाजता, मेन ड्रॉमधल्या उंचाडीच्या रिकाम्या जागेवर लकी लूजर म्हणून तुझंही नाव लागलं, तेव्हा तू धावत येऊन माझ्या गळ्यात पडलीस. "आता दोघी आत!" म्हणालीस. मी रडले गं तेव्हा. आता त्या रडण्याची इतकी लाज वाटते की काय सांगू.

मला एवढंच सांग. तू मला जिंकू दिलंस का?

धाकटी


१४ एप्रिल

ताई,

तुझं उत्तर मिळालं. चार दिवस वाट बघायला लावून दोन ओळी! "असलं काही मनात आणू नकोस. आणि बाबांशी यातलं काही बोलू नकोस."

पहिल्या ओळीवर मी कदाचित विश्वास ठेवला असता. दुसरी लिहायची नाहीस ना मग.

बाबांशी बोलले नाही. आईशी बोलले. त्याबद्दल तू काही म्हणाली नव्हतीस. खरं तर बोलायचं माझ्याही मनात नव्हतं, पण दोन वेळा ताटावरून उठले तेव्हा तिनं मला दुकानात बोलावलं आणि शटर अर्धं खाली ओढलं. समोर कुणाची तरी पँट होती, कमरेत सैल करायला आलेली. ती उसवता उसवता म्हणाली, "सांग. पण मला कळेल असं सांग. तुमच्या त्या खेळातलं मला ओ की ठो कळत नाही."

वीस वर्षं आपले कपडे धुतले तिनं, कोपराला पट्ट्या बांधल्या, पण सीड म्हणजे काय हे तिला आपण कधी सांगितलं नाही. मग मी तिच्या डब्यातली बटणं काढून टेबलावर मांडली. क्वालिफाइंगला बत्तीस मुली. आठ-आठ जणींचे चार गट, प्रत्येक गटातून एकच आत, मुख्य स्पर्धेत जाणार. जागतिक क्रमवारीनं ज्या वरच्या आठ, त्यांना मानांकन. पहिल्या चौघी एकेका गटाच्या अगदी वरच्या टोकाला, पुढच्या चौघी चिठ्ठी टाकून एकेका गटाच्या खालच्या टोकाला.

आई म्हणाली, "म्हणजे तालेवार बायकांना एकमेकींपासून लांब बसवायचं. सुरुवातीलाच भांडणं नकोत."

"तसंच. भांडण शेवटच्या फेरीत व्हावं म्हणून."

"आणि तू कुठं होतीस?"

मी नववी होते, कुणीतरी आजारी पडलं म्हणून आठवी झाले आणि चिठ्ठीत तुझ्या गटात आले. तू तिसरी. तुझ्यासाठी मी मोठं काळं बटण ठेवलं, माझ्यासाठी शर्टाचं पांढरं. आईनं माझं बटण उचललं आणि दुसरं, जरा मोठं ठेवलं.

मग लकी लूजर. इथं ती अडली. "हरलेली, आणि नशीबवान? एकाच वेळी?" म्हटलं हो. मेन ड्रॉमधल्या कुणी आयत्या वेळी माघार घेतली, तर शेवटच्या फेरीत हरलेल्या चौघींतून एकीला त्या जागेवर घेतात. पण माघार क्वालिफाइंग संपायच्या आत जाहीर झाली, तर क्रमवारीत वरच्या दोन हरलेल्या जणींच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकतात. कुणाची जागा हे आधी कुणालाच कळू नये, म्हणजे कुणी मुद्दाम हरणार नाही. आणि क्वालिफाइंग संपल्यावर जाहीर झाली, तर चिठ्ठी नाही. हरलेल्यांत जिचा क्रमांक सगळ्यात वर, ती थेट आत.

आईची कात्री थांबली. "आणि बाकीच्या तिघी?"

त्या दिवशी बाकीचे तिन्ही गट बारापर्यंत आटोपले होते. पहिली सीड आधीच गारद झालेली, दुसरी जिंकलेली, चौथी, ती डावखुरी, साडेअकराला हरलेली. म्हणजे कोर्टवर उतरताना तुला ठाऊक होतं की हरलीस तर हरलेल्यांत सगळ्यात वर तूच. उंचाडीनं फक्त आपली मॅच संपेपर्यंत तोंड बंद ठेवायचं होतं.

आईनं हे सगळं ऐकलं. पहिला प्रश्न कोणता विचारला असेल? "मग त्या डावखुऱ्या मुलीची चिठ्ठी बुडाली की गं."

तिनं माझ्याबद्दल विचारावं म्हणून मी बसले होते. मग ती म्हणाली, "आणि तू जिंकलीस ते..." आणि बटणं डब्यात भरायला लागली.

तुला यातलं एक अक्षर खोडून काढता आलं तर काढ. मी वाट बघतेय. आणि हे लक्षात ठेव, मला राग तू आत गेलीस याचा नाही. तू पुढची फेरी जिंकलीस, मी पहिल्याच फेरीत ६-१, ६-२ अशी सपाटून आपटले, त्याचाही नाही. हरलेली पुढे गेली आणि जिंकलेली घरी आली, यावर मी स्वतःच चार जणांत विनोद केलेत. राग याचा आहे की त्या विनोदाला तूही हसलीस.

धाकटी


२९ एप्रिल

ताई,

आता पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण काम निघालं.

डावखुरीनं तक्रार केली आहे. उंचाडीच्या फिजिओनं कुठंतरी गप्पांत बोलून टाकलं की मनगट आदल्या संध्याकाळीच गेलं होतं. तुला संघटनेकडून चौकशीचं पत्र आलं असेलच. मला काल आलं. नऊ मेला जबाब.

आज कपडे बदलायच्या खोलीत डावखुरी माझ्या शेजारीच बसली होती. मुद्दाम नाही, दुसरा बाक ओला होता म्हणून. मी बुटाची नाडी सोडत होते, ती बांधत होती. मला वाटलं भांडेल. म्हणाली, "तुला बोलावलंय ना?"

"हो."

"मला फक्त चिठ्ठी हवी होती गं. चिठ्ठीत माझं नाव आलं नसतं तर मी गप घरी गेले असते. दरवेळी जातेच की." मग उठून बॅग खांद्याला लावली आणि म्हणाली, "तुझा फोरहँड भारी पडत होता त्या दिवशी. मी कठड्यावरून बघत होते."

बघ, दोन महिन्यांत माझ्या खेळाबद्दल कुणी चांगलं बोललं, तर तेही तुम्ही जिचा केसानं गळा कापलात तिनंच.

तू काय सांगणार आहेस? नऊ मेच्या आत मला कळायला हवं. तू खरं बोलणार असशील, तर मीही खरं बोलेन. तू खोटं बोलणार असशील तर तसं स्पष्ट लिही. मला अंधारात ठेवून आणखी एक मॅच खेळू नकोस माझ्याशी.

आई विचारत होती, तू जेवतेस ना वेळेवर. मी म्हटलं, विचारून बघते.


१० मे

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. ठीक आहे.

काल जबाब झाला. एका ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर, पंखा खडखडत होता. चौकशीच्या बाई वयानं आईएवढ्या, चष्मा गळ्यात लटकवलेला, बोलायला अगदी मऊ. त्यांनी मला पाणी दिलं आणि समोर लॅपटॉप फिरवला. आपल्या कोर्टवर कॅमेरा होता हे मी विसरलेच होते.

पहिला सेट, पाच-पाच, तुझी सर्व्हिस. बाईंनी तिथं थांबवलं आणि एक कागद दाखवला. तोपर्यंतच्या तुझ्या सर्व्हिस कुठं पडल्या त्याच्या खुणा. दहातल्या आठ माझ्या बॅकहँडला. अर्थातच. लहानपणापासून तू मला तिथंच मारतेस, माझा बॅकहँड लंगडा आहे हे क्लबच्या पहारेकऱ्यालासुद्धा माहीत आहे. आणि पाच-पाचनंतरच्या खुणा बहुतेक सगळ्या फोरहँडला.

"इथं तिनं दिशा का बदलली असेल?" बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "माझा फोरहँड त्या दिवशी हुकत होता. तिच्या ते लक्षात आलं असेल. चांगली खेळाडू असंच करते."

"पण तुम्ही तर तिथूनच गुण मिळवलेत."

"ते नशिबानं."

बाईंनी लिहून घेतलं. मग विचारलं, मॅच चालू असताना तुम्हाला काही वेगळं जाणवलं का? मी म्हटलं, नाही. खरंच नव्हतं जाणवलं. मी माझ्या खेळात होते. बहिणीच्या मनात शिरून बघायला मला सवड कुठं होती? ती हरली तरी आत जाईल हे तुम्हाला ठाऊक होतं का? नाही. तिनं तुम्हाला काही सांगितलं होतं का? नाही. ही दोन उत्तरं तर शंभर टक्के खरी होती.

सही केली, खाली आले. फाटकाजवळ बाबा उभे होते. माझी बॅग घेतली आणि चालायला लागले. बाबांनी माझी बॅग शेवटची कधी उचलली होती, आठवतंय तुला? मला नाही आठवत.

तुझं नाव बचावलं, असं समज.

धाकटी


४ जून

ताई,

निकाल लागला. पुरावा नाही, तक्रार निकाली. उंचाडीला माघार उशिरा कळवल्याबद्दल ताकीद, बस्स. आणि काल आईच्या फोनवर तुझा निरोप आला, "धाकटीला सांग, थँक्यू. ती नसती तर मी संपले असते."

ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तुझी समजूत अशी झालीय की मी तुला वाचवलं. रक्ताचं नातं, शेवटी बहीणच बहिणीच्या कामी येते, वगैरे. म्हणून हे लिहितेय. तो आभाराचा शब्द माझ्या घरात नकोय मला.

मागच्या पत्रात मी लिहिलं, मॅचमध्ये मला काही जाणवलं नाही. ते खोटं होतं. बाईंनाही तेच खोटं सांगितलं, तुलाही तेच लिहिलं. पाच-पाचला तुझी पहिली सर्व्हिस फोरहँडला आली तेव्हा वाटलं, फसली. दुसरी आली तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं. तू चेंडू आपटत होतीस, खाली बघून, नेहमीपेक्षा जास्त वेळ. तिसरी आली, मऊ, कंबरेच्या उंचीवर, ताटात वाढून ठेवल्यासारखी. तेव्हा मला कळलं, ताई. का ते कळलं नाही, पण काय चाललंय ते कळलं. तुझ्याबरोबर मी वीस वर्षं खेळतेय, मला कळणार नाही?

मी काय करायला हवं होतं? मीही चेंडू जाळ्यात मारायला हवा होता. थांबून तुला विचारायला हवं होतं. निदान नेटजवळ येऊन नुसतं बघायला तरी हवं होतं तुझ्याकडे. मी काय केलं? सगळी ताकद लावून तो चेंडू रेषेवर मारला आणि मूठ आवळून ओरडले. जाळ्यापलीकडे माझी बहीण हरायचं काम करत होती आणि मी "कम ऑन" म्हणून ओरडत होते. घरी आल्यावर स्वतःला सांगितलं, ती दमली होती. तेहतीस वर्षांची आहे, दमणारच. रोज सांगितलं. गटिंगवाल्या काकांनी ते सगळं एका वाक्यात मोडून ठेवलं, म्हणून मी त्यांच्यावरही आठवडाभर रुसले होते.

तेव्हा जबाबात मी तुला नाही वाचवलं. मी माझी मॅच वाचवली. त्या मॅचपायी माझा फोरहँड हुकत होता असंही म्हणाले. आणि माझ्याकडे दाखवण्यासारखं जर काही असेल तर तो फोरहँडच आहे.

हे असंच दाबून ठेवता आलं असतं. पण परवा डावखुरी क्लबमध्ये दिसली. आठ-दहा लहान मुलींना रांगेत उभं करून रॅकेट कशी धरायची ते शिकवत होती. मी विचारलं, पुढची स्पर्धा कुठली? म्हणाली, "आता कुठली नाही. इथंच." माझ्यावर राग धरून बोलली असती तर मी निभावून नेलं असतं. ती साधं बोलली आणि मुलींकडे वळली.

मी तशीच बाबांकडे गेले. ते कोर्टामागच्या शेडमध्ये जुने चेंडू निवडत होते, अंगठ्यानं दाबून. मेलेले एका टोपलीत, चालणारे दुसऱ्या. मी म्हटलं, "बाबा, मी चौकशीच्या बाईंना खरं काय ते लिहून देणार आहे."

त्यांनी वर बघितलं नाही. म्हणाले, "ताईला मीच सांगितलं होतं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"ती तयार नव्हती," ते म्हणाले. "सकाळी तिनं येऊन उंचाडीचं सांगितलं, बिचारीला वाईट वाटत होतं म्हणून. डोकं माझं चाललं. मीच म्हटलं, तिला तीनपर्यंत थांबायला सांग. इकडे तू खेळ सोडणार होतीस. एकदा ताईला हरवलंस तर राहशील, असं वाटलं. आणि तसंही..."

"तसंही काय?"

त्यांनी एक चेंडू दाबून बघितला. "तसंही तू हरणारच होतीस ना, बाळा. दहा वेळा हरलीस. मग ती आत आणि तू बाहेर, त्यापेक्षा दोघी आत. कुणाचं काय बिघडलं?"

ताई, ते रागानं बोलले असते, टोमणा मारला असता, तर मला झेपलं असतं. ते मायेनं बोलले. पावसात जाऊ नको, सर्दी होईल, असं सांगावं तसं. त्यांच्या लेखी त्यात दुखण्यासारखं काही नव्हतंच. ज्या माणसानं मला रॅकेट धरायला शिकवलं, ज्यानं रोज पहाटे मला झोपेतून उठवलं, त्याचा माझ्यावर एका सकाळपुरतासुद्धा भरवसा नव्हता. आणि तू ते ऐकून घेतलंस. "बाबा, आज ती मला हरवेलही कदाचित," एवढं एक वाक्य तुला बोलता आलं असतं. बोललीस का? तू तयार नव्हतीस हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. तयार नव्हतीस तर मला येऊन सांगायचंस. माझ्या मानेला सनस्क्रीन लावत होतीस तेव्हा सांगायचंस. तोंड माझ्या कानापाशीच होतं की तुझं.

बाबा शेवटी म्हणाले, "तुझी एकच मॅच आहे ती. तीही देऊन टाकतेस?" मी म्हटलं, माझी कुठली, ती तर तुम्ही दोघांनी खेळलीत. आणि घरी आले. रात्री जेवणावर आईनं मला विचारलं, पाकिटाला तिकीट आहे का.

म्हणजे हे आता ठरलं. या पत्राबरोबरच दुसरं पाकीट चौकशीच्या बाईंकडे जातंय, त्यात माझा खरा जबाब. तुला बंदी येईल, किती ते मला माहीत नाही. मलाही खोटं बोलल्याबद्दल बाहेर बसवतील, ते मी गृहीत धरलंय. बाबांचं नाव मी लिहिलं नाही. ते लिहायचं की नाही ते तू ठरव, त्यांचं ऐकलं होतंस तू. डावखुरीला यातून काही परत मिळणार नाही, पण निदान तिला कळेल की तिची शंका खरी होती, ती वेडी नव्हती. निकालाच्या यादीतून आपली मॅच काढून टाकतील म्हणे. उरल्या मागच्या दहा. त्या सगळ्या तुझ्या.

फक्त एका रकान्यापाशी अडले. छापील अर्ज असतो त्यांचा, तुलाही येईलच. त्यात विचारलंय, प्रतिस्पर्धी प्रामाणिकपणे खेळत नाही असं तुम्हाला नेमकं कोणत्या गुणापासून वाटलं? त्यासमोर एवढीशी रेघ. त्या रेघेसमोर मी तासभर बसले. मग लिहिलं, पहिला सेट, पाच-पाच, तिसरी सर्व्हिस.

म्हणजे तिथपर्यंत आपण खऱ्या खेळलो. ते पाच गेम मी तुझ्याकडून घेतले, तू दिले नाहीस. दोन-चारवरून मी चार-चारला आले, तुझी सर्व्हिस भेदून आले, तेव्हा तू रॅकेट मांडीवर आपटलीस. ते नाटक नव्हतं. ते नाटक असणार नाही. एवढं मी माझ्यापाशी ठेवलंय.

बाई तुला बोलावतील आणि हाच प्रश्न विचारतील. तू खरं काय ते सांग, माझ्यासाठी काही झाकू नकोस. पण तू जर त्याच्या आधीपासून हरत असशील, दोन-चारपासून किंवा अगदी पहिल्या गेमपासून, तर ते त्यांना सांग.

मला सांगू नकोस.

धाकटी